नव्या किडीची पहिली वर्दी

२०१८ च्या मे महिन्यात शिवमोग्याच्या परिसरातील मक्यावर ज्या अळ्या तेथील कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांना आढळल्या, त्या वरवर पाहता काही अपूर्व नव्हत्या. मक्याचे पान खाणाऱ्या अळ्या आपल्या शेतकऱ्याला नव्या नाहीत. खोडकिडा, घाटेअळी, तंबाखूची पाने खाणारी अळी आणि जुनी लष्करी अळी यांचा उपद्रव तो वर्षानुवर्षे सोसत आला आहे, आणि पानाला भोके दिसली की यांपैकी एखादीचे नाव घेऊन, दुकानातून नेहमीचे औषध आणून, फवारणी उरकून टाकावी हा सर्वत्र रूढ झालेला परिपाठ आहे. त्या परिपाठाला फाटा देऊन या अळ्या प्रयोगशाळेत वाढविण्यात आल्या, त्यांचे पतंग बारकाईने तपासण्यात आले, जनुकीय परीक्षाही झाली, आणि अखेर निष्पन्न झाले ते असे की, अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील, १७९७ पासून शास्त्राला ज्ञात असलेली आणि दोनच वर्षांपूर्वी, २०१६ मध्ये, पश्चिम आफ्रिकेत उतरून तेथील मका फस्त करीत सुटलेली अमेरिकन लष्करी अळी आता भारतात दाखल झाली आहे. जुलैअखेर बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने देशभर इशारा दिला. सप्टेंबरात ती सोलापूर जिल्ह्यातील मक्यावर सापडली, पुढे सांगलीकडे उसावरही दिसली, आणि वर्ष-दीड वर्षात मका पिकविणारा देशाचा बहुतेक मुलूख तिने व्यापला.

या अळीचा पतंग वाऱ्याची साथ मिळाल्यास एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत मजल मारतो आणि एक मादी आपल्या अल्प आयुष्यात हजार ते दोन हजार अंडी घालते, हे ध्यानी घेतले म्हणजे तिला सरहद्दीवर अडवून धरण्याची कल्पना किती दुर्बळ आहे ते कळून येते. मग ती मे महिन्यात ओळखली गेली काय आणि दिवाळीनंतर ओळखली गेली काय, फरक तो कोणता, असा प्रश्न कोणी विचारील, आणि त्याचे उत्तर त्या अळीच्याच जीवनक्रमात आहे. अंड्यांतून निघालेल्या कोवळ्या अळ्या पानाचा हिरवा पापुद्रा तेवढा खरवडून खातात आणि पानावर कागदासारखे पांढुरके, पारदर्शक चट्टे उमटवितात. त्या अवस्थेत निंबोळी अर्कासारखा साधा उपायही त्यांना पुरतो. पण आठ-दहा दिवसांत तीच अळी पोंग्यात शिरते, आपल्याच विष्ठेच्या ओलसर भुशाने वरचे तोंड बुजवून घेते, आणि मग शेतकऱ्याने कितीही तीव्र विष पंपात भरले तरी ते तिच्यापर्यंत पोचत नाही. पैसा मात्र जातो, आणि फवारणाऱ्याच्या अंगावर विष उडते ते निराळेच. म्हणजे उपाय चालण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते, आणि जिला आपण ओळखतच नाही तिच्याविषयी ती मुदत हातून निघून गेल्याचेही आपल्याला कळत नाही. सोलापुरात ही अळी पोचली तेव्हा तिचे नाव आणि तिच्या सवयी निदान कृषी खात्याला ठाऊक होत्या, ही त्या पहिल्या निदानाची कमाई होय, आणि ती मी फार मोठी मानतो.

परदेशी किडींच्या बंदोबस्ताचा कायदा आपल्याकडे जुना आहे. उपद्रवी कीटक व रोग यांच्यासंबंधीचा अधिनियम १९१४ साली झाला, वनस्पती संरक्षणाचे केंद्रीय संचालनालय १९४६ मध्ये स्थापन झाले, आणि रोपे, बियाणे, फळे, लाकूड यांच्या आयातीवर आज जो अंमल चालतो तो २००३ च्या क्वारंटाइन आदेशान्वये. बंदरांत आणि विमानतळांवर दाखले तपासले जातात, माल धुरी देऊन निर्जंतुक केला जातो, आणि यामुळे कित्येक संकटे टळत असली पाहिजेत. पण टळलेले संकट दिसत नाही, आणि जे टळत नाही ते पहिल्यांदा दिसते ते बंदरात नव्हे, कोठल्या तरी आडगावच्या बांधावर. तेथे क्वारंटाइनचा अंमलदार नसतो. तेथे असतो तो खुरपे किंवा पंप हाती घेतलेला एक मनुष्य, आणि ते दिसणे त्याच्या लेखी केवळ दिसणेच राहते की त्याची कचेरीपर्यंत वर्दी जाते, यावर पुढचे सर्व अवलंबून असते.

ही वर्दी उशिरा गेली म्हणजे काय होते, याचे साक्षीदार आपल्याच भूमीत उभे आहेत. पुण्याच्या परिसरात उगवलेल्या एका अनोळखी तणाची शास्त्रीय नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ते काही वर्षे आधीपासून मूळ धरून बसलेले होते. एकेका झाडाला हजारो बारीक बिया येणारे हे तण आरंभी एखाद्या वस्तीपुरते असताना हातांनी उपटून संपविता आले असते असे आज वाटते, पण त्या वेळी ते पांढऱ्या फुलांचे एक निरुपद्रवी रोपटे होते. आज गाजर गवत किंवा काँग्रेस गवत या नावाने ते ठाऊक नाही असे गाव महाराष्ट्रात सापडणे कठीण. त्याच्यावर जगणारे मेक्सिकन भुंगे १९८४ पासून सोडण्यात आले, पण निर्मूलन हा शब्द त्याच्या बाबतीत आता कोणी गांभीर्याने उच्चारीत नाही.

उसावरील लोकरी माव्याची हकीकत थोडी निराळी आणि अधिक बोधप्रद आहे. ईशान्येकडे आणि बंगालकडे ही कीड कित्येक वर्षे ज्ञात होती. २००२ च्या पावसाळ्यात ती सांगली जिल्ह्यातील उसावर प्रकटली, आणि पानांच्या पाठीवर पांढरा कापूस पिंजून पसरावा तसे फड दिसू लागले, पानांवर चिकट द्रव ठिबकून त्यावर काळी बुरशी वाढली, आणि सारा ऊसपट्टा हवालदिल झाला. पहिली धाव औषधाकडे गेली, हे स्वाभाविकच होते; परंतु पुरुषभर उंचीच्या, दाट वाढलेल्या उसात फवारणी करणे किती दुष्कर आहे ते ज्याने फडात पाऊल ठेवले आहे त्यालाच ठाऊक. पुढे ज्यांनी माव्याला आटोक्यात आणले ते बव्हंशी त्याचे नैसर्गिक शत्रूच होत: माव्याच्या वसाहतीतच राहून त्याला खाणारी डिफाची अळी आणि मायक्रोमस हा नाजूक पंखांचा कीटक. ज्या शेतकऱ्याला डिफाची अळी कशी दिसते हे दाखविले गेले त्याने फवारणी थांबविली आणि तिच्यासकट पाने नेऊन दुसऱ्या फडात ठेविली. ज्याला ते दाखविले गेले नाही त्याने शत्रू समजून मित्राला मारले. सबब, शेतकऱ्याला काय पाहावे हे शिकविणे हा प्रचाराचा सोपस्कार नव्हे, तो कीडनियंत्रणाचाच एक भाग आहे.

आता हे शिकविणे म्हणजे काय, याचा थोडा विचार केला पाहिजे, कारण येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. परदेशात आढळणाऱ्या शंभर किडींची रंगीत चित्रे छापून गावोगाव वाटली म्हणजे काम झाले असे पुष्कळांना वाटते. पण गावचा पोलीस पाटील परका मनुष्य ओळखतो तो परक्यांची चित्रे पाहून नव्हे; गावातला प्रत्येक मनुष्य त्याच्या परिचयाचा असतो, म्हणून जो परिचयाचा नाही तो त्याच्या डोळ्यांत भरतो. शिवारातही तसेच आहे. ज्याला खोडकिड्याने मक्याच्या पानावर एका ओळीत पाडलेली बारीक छिद्रे नीट ठाऊक आहेत, त्याला वेड्यावाकड्या फाटलेल्या पानांचा आणि पोंग्यातल्या ओल्या भुशाचा अर्थ वेगळा लागला पाहिजे हे सांगावे लागत नाही. मग अळी हाती घेऊन तिच्या डोक्यावरची उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी फिकट रेघ आणि शेपटीकडील चौकोनात बसविलेले चार काळे ठिपके एकदा पाहिले की ओळख कायमची होते. नव्याच्या निदानाची पहिली पायरी जुन्याचे सूक्ष्म ज्ञान ही आहे, आणि आपली प्रशिक्षणे नेमकी याच पायरीवरून उडी मारून औषधांच्या यादीवर येतात.

साम्य किती फसवे असते त्याचे उदाहरण टोमॅटोच्या पिकात मिळते. पानात नागमोडी रेषा काढणारी नागअळी आपल्याकडे इतकी परिचित आहे की ती येथलीच असावी असे वाटते; वास्तविक तीही १९९० च्या सुमारास बाहेरून आलेली आहे. २०१४ मध्ये पुण्याकडील टोमॅटोवर जी दक्षिण अमेरिकेतील कीड प्रथम नोंदली गेली, तीही पानाच्या दोन पापुद्र्यांमध्येच राहते, म्हणून उतावळ्या डोळ्याला ती नागअळीच वाटणार. परंतु तिच्या खाण्याने रेषा उमटत नाही, फुगीर, रुंद डाग पडतो, आणि ती पानावर न थांबता शेंड्यात आणि फळात शिरते. रेषा आणि डाग यांतला हा भेद समजावयास पदवी लागत नाही. त्यासाठी कोणीतरी शेजारी उभे राहून दोन्ही पाने उजेडासमोर धरून एकदा दाखविली पाहिजेत.

कोणाला दाखवावयाची, हाही प्रश्नच आहे. गावातील मेळाव्याला जो वर्ग येऊन बसतो तो बहुधा सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे असा पुरुषवर्ग असतो. पण पिकाच्या पानाशी सर्वांत अधिक वेळ ज्यांचा चेहरा असतो त्या खुरपणी करणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, टोमॅटो तोडणाऱ्या बाया त्या मेळाव्यात नसतात, कारण त्या वेळी त्या कामावर असतात. दिवसभर ओळीओळीने वाकून चालणाऱ्या या स्त्रियांइतके बारीक निरीक्षण कोणत्याही सर्वेक्षकाकडून होणे शक्य नाही, आणि त्यांना विचारले तर त्या पुष्कळ सांगतात. त्यांना विचारण्याची व्यवस्था मात्र आपण केलेली नाही. साखर कारखान्याचा चिटबॉय, खते-औषधांचा दुकानदार, रोपवाटिकेचा मालक हेही असेच डोळे आहेत. दुकानदाराकडे तर दररोज पन्नास शेतकऱ्यांची रोगट पाने येतात. बाटली विकण्यापूर्वी ते पान कृषी विज्ञान केंद्राकडे पाठविण्याची सवय त्याला लागेल तर केवढे काम होईल.

आपल्या कृषिविस्ताराचा इतिहास पाहिला तर तो बहुतांशी वरून खाली सांगण्याचा इतिहास आहे. १९५२ च्या समूह विकास योजनेने ग्रामसेवक दिला. पुढे प्रशिक्षण व भेट ही पद्धती आली, तीत शास्त्रज्ञाचा निरोप अधिकाऱ्यामार्फत ठरावीक वारी ठरावीक शेतकऱ्याकडे पोचू लागला. १९७४ पासून कृषी विज्ञान केंद्रे सुरू झाली. सुधारित वाण आणि खते पसरविण्यात या यंत्रणेने जे कार्य केले त्याचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु नवी कीड ही अशी गोष्ट आहे की तिची माहिती खालून वर गेली पाहिजे, आणि ज्या नळाने पाणी नेहमी एकाच दिशेने वाहते त्यातून ते उलट चढत नाही. इंडोनेशियात १९८६ साली भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या संकटानंतर सत्तावन्न कीटकनाशकांवर भातासाठी बंदी आली, आणि १९८९ पासून तेथे शेतकऱ्यांच्या शेतीशाळा भरू लागल्या. शेतकऱ्यांनी आठवड्यातून एकदा सकाळी शेतात जावे, झाडे मोजावी, कीटक पकडावे, पाहिलेले कागदावर चितारून एकमेकांशी वाद घालावा आणि मग फवारावे की नाही हे आपणच ठरवावे, असा तो क्रम होता. आपल्याकडील शेतीशाळा याच कुळातील आहे. जेथे ती मनापासून चालते तेथे हंगामाअखेर शेतकरी कृषी सहाय्यकाला प्रश्न विचारू लागतो, आणि ‘साहेब, ही अळी नेहमीची दिसत नाही’ हे वाक्य अशाच ठिकाणी उच्चारले जाते.

२००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी जो हाहाकार केला, त्यानंतर महाराष्ट्राने कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे क्रॉपसॅप, उभा केला. निवडलेल्या भूखंडांत ठरावीक दिवशी कीड मोजावयाची, आकडे संगणकावर पाठवावयाचे, विद्यापीठाने त्यावरून सल्ला द्यावयाचा आणि तो भ्रमणध्वनीवरून शेतकऱ्याकडे पोचवावयाचा, ही त्याची रीत, आणि ती निःसंशय स्तुत्य आहे. तथापि मोजणीच्या कोणत्याही तक्त्यात रकाने असतात ते ज्ञात किडींचे. अज्ञात किडीला रकाना नसतो, आणि ज्याला रकाना नाही ते दफ्तराच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. म्हणून माझी अशी सूचना आहे की प्रत्येक तक्त्याच्या शेवटी ‘अनोळखी’ असा एक रकाना असावा, तो रिकामा असला तरी दर आठवड्यास पाहिला जावा, आणि भरला गेला तर त्याचे उत्तर भरणाऱ्याला नावानिशी मिळावे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने छायाचित्रावरून कीड ओळखणारी राष्ट्रीय यंत्रणा सुरू केली आहे. ती उपकारक ठरेल. पण यंत्र ओळखते ते त्याला आधी दाखविलेले. छायाचित्र घेण्याजोगे काही दिसले आहे, हे मनुष्यालाच वाटावे लागते.

सामान्य माणसाच्या डोळ्याचा पराक्रम अमेरिकेत एकदा फार ठळकपणे दिसून आला. चीनहून मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला, लांब मिशांचा आणि काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला एक भुंगेरा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील मेपलची झाडे पोखरीत होता. १९९६ साली खोडांवरील मोठमोठी गोल भोके पाहून ज्याला शंका आली तो कोणी शास्त्रज्ञ नव्हता, तेथला रहिवासी होता. त्या प्रकरणाला प्रसिद्धी मिळाली, आणि १९९८ मध्ये शिकागोत तोच भुंगेरा पुन्हा एका नागरिकानेच हेरला. तेथे प्रादुर्भाव मर्यादित भागात गाठता आला आणि दहा वर्षांच्या चिकाटीनंतर, २००८ मध्ये, शहर त्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी वूस्टर या शहरी एका रहिवाशाने परसात तो पाहिला, पण तेथे तो बहुधा दशकभर कोणाच्याही नजरेस न येता नांदत होता. तीस हजारांहून अधिक झाडे तोडावी लागली.

दिसल्यावरही वर्दी द्यावयास मनुष्य का कचरतो, हेही सहानुभूतीने समजून घेतले पाहिजे. आपल्या शेतात परदेशी रोग निघाला हे कळले तर व्यापारी माल उचलणार नाही, सरकार पीक उपटावयास लावील, शेजारी दोष देतील आणि पंचनामा होऊनही हाती काही पडणार नाही, ही भीती निराधार नाही. ती व्याख्यानाने जात नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात टली येथील एका केळीबागेत २०१५ च्या मार्चमध्ये ‘टीआर-४’ हा मर रोग निघाला, तेव्हा ती बाग विलग करण्यात आली आणि पुढच्या वर्षी केळी उत्पादकांच्या संघटनेने ती विकत घेऊन कायमची बंद केली; एकाच्या नुकसानीचा भार सर्वांनी उचलला. त्यानंतर दुसऱ्या बागेत तो रोग आढळावयास २०१७ चा जुलै उजाडला.

हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण हाच रोग आता बिहारातील कटिहारच्या केळीत निश्चितपणे नोंदला गेला आहे, आणि जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यातील बागा ज्या ग्रँड नैन जातीच्या आहेत त्याच गटाला तो मारतो. ही मातीत राहणारी बुरशी आहे. एकदा शिरली की ती दशकानुदशके जात नाही, आणि तिच्यावर औषध नाही. करपा आणि सीएमव्ही, म्हणजे काकडी मोझॅक विषाणूचा रोग, हे तेथल्या शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीचे आहेत. मर रोगात मात्र जुनी, खालची पाने कडेकडून पिवळी पडतात, देठाशी मोडून खोडाभोवती लोंबतात, पुष्कळदा खोड बुंध्याशी उभे चिरते, आणि ते कापले असता आत तांबूस-तपकिरी शिरा दिसतात. असे झाड आढळले तर ते उपटून बांधावर टाकू नये, त्याच्याजवळचे मुनवे कोणास देऊ नयेत, त्या सरीचे पाणी पुढे जाऊ देऊ नये, कोयता आणि पायांची माती तेथेच धुवावी, तेवढी जागा दोरी बांधून अडवावी, आणि जळगावच्या केळी संशोधन केंद्रास किंवा कृषी विज्ञान केंद्रास त्याच दिवशी कळवावे. नमुना आपण होऊन घेऊन जाऊ नये. त्यासाठी तज्ज्ञांनीच बागेत आले पाहिजे, आणि शेतकऱ्याने बोलाविल्यावर ते दोन दिवसांच्या आत येतील अशी तजवीज जिल्ह्याच्या कृषी कचेरीने रोग येण्यापूर्वी, याच हंगामात, करून ठेवली पाहिजे.